कुंकवाच्या पावलांचा पंचनामा

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि माझे तीस वर्षांचे शेजारी आदरणीय काकासाहेब, व्यासपीठावरचे आपल्या ज्येष्ठ नागरिक मंडळाचे सर्व पदाधिकारी, ज्यांना निरोप देताना जीव जड झाला आहे त्या आपल्या गारखेड्याच्या हाडांच्या डॉक्टर अनसूयाताई देवळाणकर, आणि पंख्याखालच्या खुर्च्या साडेचारपासूनच अडवून बसलेल्या माझ्या ज्येष्ठ बंधू-भगिनींनो! आपणा सर्वांना पुंजाराम काळवणे याचा सविनय नमस्कार.

मला बोलायला पाच मिनिटं दिली आहेत. माझ्या आधीच्या वक्त्यांना दहा होती, त्यांनी सतरा घेतली. मी घड्याळ लावून बसलो होतो. ही वाटणी कुणी केली ते मी विचारणार नाही, पण शक आलाच. आता शक येणं हा माझा पिंडच आहे, त्याला मी काय करू? निजामाविरुद्ध पोलीस ॲक्शन झालं त्याच्या दुसऱ्या वर्षीचा माझा जन्म. पुढं एकतीस वर्षं मी वजनमापे खात्यात निरीक्षक होतो. तराजूच्या पारड्याखाली चिंच चिकटवलेली मी पाहिली, किलोच्या वजनाच्या बुडातलं शिसं कोरून काढलेलं पाहिलं, आणि तेच दुकानदार माझ्यासमोर देवाची शपथ घेताना पाहिले. इतकं पाहिल्यावर माणूस बायकोनं दिलेल्या चहातसुद्धा साखर किती ते विचारतो. आमच्या सारजाबाई समोर बसल्या आहेत, त्या मान डोलावतायत बघा.

पत्रिकेत छापलंय की ताई दवाखाना बंद करून लेकीकडं नागपूरला चालल्यात. मला ते खरं वाटलं नाही. म्हटलं, चांगला चालता दवाखाना कोण बंद करतं? म्हणून मागच्या मंगळवारी स्वतः जाऊन आलो. पाटी उतरवलेली होती, पुस्तकं खोक्यांत भरलेली होती. खातरजमा झाली. त्या भेटीत ताईंनी मला एकच प्रश्न विचारला, आणि त्या प्रश्नामुळंच मी आज इथं उभा आहे. तो प्रश्न मी सांगणार आहे, पण त्याआधी चौदा वर्षांपूर्वीची एक हकीकत सांगावी लागेल. काकासाहेब, तुम्ही खाकरू नका. तुम्ही त्यातले साक्षीदार आहात.

चौदा वर्षांपूर्वी माझ्या मुलाचं, बद्रीनाथचं लग्न झालं. तो वाळूजला कंपनीत लागला होता, बजाजनगरात त्यानं खोली घेतली होती, लग्नानंतर महिनाभरानं दोघं तिकडं राहायला जाणार होते. मुलगी केली ती शेंद्र्याच्या पलीकडच्या एका गावातली. अयोध्या तिचं नाव. वडील रामकिसनराव, घरची शेती, माणसं सरळ. म्हणजे दिसायला सरळ, असं मी तेव्हा म्हणायचो.

वरात आली. उंबऱ्यावर माप ठेवलं होतं. वजनमापेवाल्याच्या घरचं माप, ते शिक्क्याचंच असणार! अयोध्यानं उजव्या पायानं माप लवंडलं, परातीतल्या कुंकवाच्या पाण्यात पाय बुडवले, आणि पांढऱ्या धोतरजोडीवरून चालत देवघरापर्यंत गेली. बायकांनी नाव घ्यायला लावलं, सगळे हसले. मी पाहुण्यांचं बघत होतो, एवढ्यात सारजाबाईंनी माझी बाही ओढली.

"अहो, हिकडं या. हे बघा. सगळाच्या सगळा पाय उमटलाय. मधी जागाच नाय!"

मी वाकून पाहिलं. आपण दिवाळीला दारात लक्ष्मीची पावलं काढतो, त्याला कशी कंबर असते? टाच वेगळी, चवडा वेगळा, मधला भाग एका कडेनं बारीक. इथं तसं काही नाही. टाचेपासून बोटांपर्यंत एकच लाल पट्टा. सारजाबाई म्हणाल्या, "पाय न्हाई, पोळपाट उमटलाय." आणि शेजारची एक म्हातारी, ती आता नाही, देव तिला शांती देवो, ती हळूच म्हणाली, "सपाट पायाची सून घर सपाट करती बाई."

आता मी शिकलेला माणूस. सपाट पायानं घर सपाट होतं यावर माझा विश्वास नव्हता. माझा विश्वास दुसऱ्याच गोष्टीवर होता, की हे लोकांनी लपवलं! झालं. डोकं फिरायला लागलं. मुलगी पाहायला गेलो तेव्हा तिला चालून दाखवायला सांगितलं होतं. ती चालली, पण सतरंजीवर. सतरंजी कुणी अंथरली? रामकिसनरावांनी. का अंथरली? पाहुण्यांना बसायला अंथरतात, हे उत्तर मला आज सुचतं. त्या दिवशी नाही सुचलं.

ते धोतर मी धुवायला जाऊ दिलं नाही. घडी घातली, वर तारीख टाकली आणि कपाटात ठेवलं. मुद्देमाल म्हणून! पुढं महिनाभर माझा तपास चालू होता. न्हाणीघराच्या दारात शहाबादी फरशी आहे, तिथं मी मुद्दाम पाणी सांडून ठेवायचो आणि ती गेली की ओली पावलं फूटपट्टीनं मोजायचो. तिच्या चपला उलट्या करून टाचा कुठल्या बाजूनं झिजल्या ते बघायचो. एकदा मी असा तिची चप्पल हातात घेऊन बसलो असताना ती चहा घेऊन आली. तिनं चहा खाली ठेवला आणि निघून गेली. मी मनात म्हटलं, बघा, बोलत नाही म्हणजे पाणी मुरतंय.

बद्रीला सांगितलं, तर तो म्हणाला, "दादा, तिचे पाय मला चालतात." मला वाटलं, यालाही फितवलं.

शेवटी मी रामकिसनरावांना निरोप धाडला. येत्या रविवारी काकासाहेबांच्या ओट्यावर बैठक बसेल, चार माणसांसमोर सोक्षमोक्ष होईल, आणि फसवणूक शाबीत झाली तर मुलगी परत न्यावी लागेल. होय, मी असा निरोप धाडला. महिन्याची सून, हळद अजून उतरली नव्हती. आज हे शब्द तोंडातून काढताना लाज वाटते, पण सांगायचं तर सगळं सांगायचं.

बैठकीत नुसत्या बोलण्याला किंमत नसते, लेखी पाहिजे. म्हणून शुक्रवारी मी अयोध्याला आणि बद्रीला घेऊन ताईंच्या दवाखान्यात गेलो. तिथंही आधी शक. ताईंचा कंपाउंडर शेंद्र्याकडचा निघाला! म्हटलं, पोचले वाटतं हे लोक आपल्या आधी. तरी बसलो. आत गेल्यावर मी ते धोतर ताईंच्या टेबलावर अंथरलं आणि म्हटलं, "डॉक्टरसाहेब, हा पुरावा. मुलीच्या पायात दोष आहे असा दाखला द्या."

ताईंनी धोतराकडं पाहिलंच नाही. त्या अयोध्याकडं वळल्या. म्हणाल्या, "बाई, तुला काही दुखतं का?"

मंडळी, महिनाभरात हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी ताडलं, सापडली! पदरानं डोळे पुसून ती म्हणाली, "नाय जी. काहीच दुखत नाय."

"चालून पाय भरून येतात? पोटऱ्या वळतात?"

"नाय. शाळा दीड कोस हुती, रोज पायी जायचे. आता बी लई चालते."

"घरात आणखी कुणाचे पाय असे आहेत?"

"बाबांचे हायेत. आत्याचे बी."

मी मध्येच बोललो, "लिहून घ्या! वंशातलाच दोष!" ताईंनी माझ्याकडं असं पाहिलं, की मी खुर्चीत मागं सरकलो.

मग त्यांनी तपासायला सुरुवात केली, आणि मी डोळ्यांत तेल घालून बघत होतो. तिला भिंतीकडं तोंड करून उभं केलं आणि मागून टाचा पाहिल्या. टाचा जराशा बाहेर कललेल्या, तळवा जमिनीला टेकलेला. मी खूश. मग म्हणाल्या, "आता चवड्यांवर उभी राहा." अयोध्या चवड्यांवर उंच झाली, आणि काय सांगू, तिच्या तळव्याला कमान आली! चांगली बोट जाईल इतकी. टाचाही आत वळल्या. तिला टेबलावर बसवून पाय मोकळे सोडले, तरी कमान दिसली. उभ्या पायाचा अंगठा ताईंनी हातानं वर उचलला, तर कमान परत हजर. घोटा इकडून तिकडं फिरवून पाहिला, कुठं अडत नव्हता. ताई म्हणाल्या, "कमान आहे. वजन पडलं की सैल होऊन बसते. असे पाय हजारोंचे असतात. ओल्या पावलाच्या ठशावरून एवढंच कळतं की पाय टेकला. तो दुखतो का, वळतो का, ताकद आहे का, हे पावलाला विचारून कळत नाही."

माझं समाधान झालं का? छे! आमच्या खात्याची रीत अशी, की दुकानातलं वजन नुसतं बघायचं नाही, ते सरकारी प्रमाण वजनाशी ताडून बघायचं. मी बूट काढले, मोजे काढले आणि म्हटलं, "डॉक्टरसाहेब, हे माझे पाय. पन्नास वर्षांचे, निर्दोष. हे प्रमाण समजा आणि हिचे यांच्याशी ताडून बघा."

हसा, हसा. मलाही आता हसू येतं.

ताईंनी मला भिंतीकडं तोंड करून उभं केलं. मागून दोन्ही पाय आळीपाळीनं न्याहाळले. मग म्हणाल्या, "उजव्या पायाची मला मागून करंगळी आणि शेजारचं बोट दिसतंय. डाव्या पायाची तीन-साडेतीन बोटं दिसतायत. आता एकेका पायावर चवड्यावर उभे राहा." उजव्यावर राहिलो. डाव्यावर टाच उचलेना! टेबलाला धरलं, जोर लावला, तोंड लाल झालं, टाच जमिनीला चिकटलेलीच. मी म्हटलं, तुमची फरशी गुळगुळीत आहे. ताईंनी वाकून डाव्या घोट्याच्या आतल्या अंगाला, हाडाच्या खाली बोट दाबलं, आणि मी "आई गं" करून ओरडलो. तिथं दीड वर्षापासून सूज होती. मी तिला वात म्हणत होतो आणि तेल चोळत होतो.

ताई म्हणाल्या, "काळवणे, तुमच्याशी जरा एकट्याशी बोलायचं आहे."

मी म्हटलं, "तोंडी काही नको. जे तपासलं ते लेखी द्या. आमच्या पंचनाम्यात दुकानातलं एकेक वजन लिहावं लागतं, बरोबर निघालेलंसुद्धा. एक जरी गाळलं तरी कागद फेटाळला जातो."

"सगळं लिहू? तुमचंसुद्धा?"

"सगळं. पाकीट बंद करा, वर सही करा. मी फोडणार नाही, म्हणजे कुणी शंका घ्यायला नको. रविवारी चार माणसांत मोठ्यानं वाचलं जाईल."

त्यांनी मला दोनदा विचारलं. मंडळी, दोनदा! मी दोन्ही वेळा होय म्हणालो, वर तशी माझी सहीसुद्धा दिली. या बाईंनी माझी इज्जत वाचवायचा पुरेपूर प्रयत्न केला होता, हे इथं नोंदवून ठेवतो.

रविवार उजाडला. रामकिसनराव दोघा भावांना घेऊन आले. मी उभा राहून फिर्याद मांडली. सतरंजी, ओल्या फरशीवरची मापं, चपलांच्या टाचा, सगळं सांगितलं. धोतर अंथरलं. आणि पाकीट काकासाहेबांच्या हातात दिलं. काकासाहेबांचा आवाज तेव्हा आजच्यापेक्षा खणखणीत होता. त्यांनी वाचलं, ते मला तोंडपाठ आहे.

"अयोध्या बद्रीनाथ काळवणे, वय एकवीस. दोन्ही तळवे उभं राहिल्यावर सपाट, चवड्यावर कमान येते. पाय लवचीक, ताकद पूर्ण, वेदना नाही. हा आजार नाही. उपचाराची गरज नाही. कोणतंही काम करण्यास योग्य. पुंजाराम काळवणे, वय पन्नास. उजवा पाय ठीक. डाव्या पायाची कमान अलीकडं ढासळलेली, आतल्या घोट्यामागचा स्नायुबंध दुखावलेला, एका पायावर टाच उचलता येत नाही. लवकर उपचार न केल्यास पाय ताठ होण्याची भीती. तपासलेल्या पायांपैकी सदोष पाय एक."

सदोष पाय एक! कोण कुठं तोंड लपवून हसतंय तेही मला दिसत नव्हतं. पण रामकिसनराव हसले नाहीत. ते उठून उभे राहिले. म्हणाले, "इवाई, आमच्या घरात समद्यांचे पाय असेच हायेत. जन्मभर वखर हाणला, पाभर धरली, कुणी आम्हाला सांगितलं न्हाय का ह्यो दोष असतो. ठाऊक असतं तर पयल्या दिवशी सांगितलं असतं." आणि मग लेकीकडं वळून म्हणाले, "ऊठ अयोध्या. जिथं लेकीच्या चपला उलथ्या करून बघत्यात, तिथं माझी पोरगी नाय राहायची. चल घरी."

आणि मंडळी, जी गोष्ट मी महिनाभर मागत होतो ती समोर उभी होती, आणि मला ती नको होती. बद्री भिंतीला टेकून उभा होता, त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

अयोध्या डोक्यावरचा पदर सावरून म्हणाली, "बाबा, मी ह्यांच्यासंगं राहते. ह्यांनी काई केलं नाय." मग माझ्याकडं बघून म्हणाली, "मामंजी, तुमचा पाय उद्याच दाखवून घ्या. वाढंल तो."

एवढंच. एक शब्द वाकडा नाही. दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेलो. सहा आठवडे पायाला पक्का आधार बांधला, मग बुटात कमानीचा आधार आला, मग टाचा उचलायचे व्यायाम. दर शनिवार-रविवारी बजाजनगरहून आली की अयोध्या माझ्यासमोर उभी राहून ते व्यायाम करून घ्यायची. मी चोरी करीन म्हणून स्वतः आकडे मोजायची! माझा पाय आज चालतोय तो या दोघींमुळं.

पुढं नात झाली, मुक्ता. ती चालायला लागली तर तिचेही तळवे सपाट. सारजाबाई म्हणाल्या, "आईवर गेली." एका दुकानदारानं लोखंडी पट्टीचे खास बूट दाखवले, म्हणाला, आत्ताच नाही घातले तर पोरगी लंगडी होईल. मला त्याचाच शक आला, आणि पुष्कळ वर्षांनी माझा शक कामी आला म्हणायचा. ताईंकडं नेली. ताई म्हणाल्या, लहान मुलांच्या तळव्यात चरबीची गादी असते, सांधे सैल असतात, सहा-सात वर्षांपर्यंत कमान हळूहळू येते, काहींची आणखी उशिरा. पोर चवड्यावर उभं राहिलं की कमान दिसते ना, मग अनवाणी खेळू द्या. दुखत असेल, लंगडत असेल, पाय ताठ असेल, किंवा एकच पाय सपाट असेल तर मात्र घेऊन या. मुक्ता आता बारा वर्षांची आहे आणि शाळेत खो-खो खेळते. इथं जमलेल्या आजी-आजोबांनी हे ध्यानात ठेवावं, बूटवाल्यांच्या नादी लागू नये.

माझी पाच मिनिटं केव्हाच संपली आहेत, चिठ्ठी आली मला. पण चिठ्ठी लिहिणाऱ्यानं थोडं थांबावं.

चौदा वर्षांत एक गोष्ट घडली, ती कुणाच्या लक्षात आली नाही. दर दिवाळीला, दर संक्रांतीला अयोध्या घरात सगळ्यांच्या पाया पडते. सारजाबाईंच्या पडते, काकासाहेब आले तर त्यांच्या पडते. माझी पाळी आली की तिला आत काहीतरी काम निघतं. दूध उतू जातं, कुणी हाक मारतं. चौदा वर्षांत ती एकदाही माझ्या पाया पडलेली नाही. मी आधी म्हटलं, गर्व आहे. मग म्हटलं, बद्रीनं शिकवलं असेल. सगळ्यांवर शक घेऊन झाला. मागच्या मंगळवारी दवाखान्यात मी ताईंना हे सांगितलं. त्या पुस्तकं भरत होत्या. हात थांबवून त्यांनी विचारलं, "काळवणे, तुम्ही तिची माफी मागितली होती?"

मी म्हणालो, "घरात सगळं सुरळीत आहे, त्याची गरज पडली नाही." आणि पायरी उतरता उतरता मला कळलं, की मी काय बोललो.

ताई, आपण या गारखेड्यातल्या कितीतरी लोकांना उभं केलंत. मंडळातर्फे आणि माझ्या घरातर्फे आपले मनापासून आभार. नागपूरला सुखानं राहा. अध्यक्षांचे आभार, मंडळाचे आभार. वेळ जास्त घेतला, कुणाकुणावर उगाच शक घेतला, त्याबद्दल सभेनं मला मोठ्या मनानं क्षमा करावी.

आणि अयोध्या, तू तिसऱ्या रांगेत मुक्ताशेजारी बसली आहेस. तुझ्यावरची फिर्याद मी चार माणसांत मांडली होती, म्हणून माफीही चार माणसांत मागतो. तुझ्या पायात काही नव्हतं, बाई. तुझ्या बापानं काही लपवलं नव्हतं. मी चुकलो. महिन्याच्या सुनेला मी परत धाडायला निघालो होतो, आणि चौदा वर्षं त्याबद्दल एक शब्द बोललो नाही.

उठू नकोस. नको, अगं, पुढं येऊ नकोस, बसून राहा. आज तू वाकायचं नाहीस. हात जोडायला मी तुझ्यापुढं खाली येतो. काकासाहेब, हा माईक धरा जरा. बद्री, तूही जागेवरच थांब, तीनच पायऱ्या आहेत, मी उतरतो.